घंगाळातलं न्हाण

फार मागची गोष्ट. एका माळावर येसाई, तिचं म्हातारं आंब्याचं झाड आणि पोचा पडलेलं तांब्याचं घंगाळ अशी तिघं राहत. त्या साली येसाईची लेक चिमा सासरी पोटुशी होती आणि तिला माहेरच्या आंब्याचे डोहाळे लागले होते. पण सासर चार दिवसांच्या वाटेवर. दरवर्षी आंबे पोचेपर्यंत काळे पडून सडत.

"बाजारातली औषधी पूड लावू का रे?" येसाईनं झाडाला विचारलं.

"पोटुशी पोर खाणार, नको गं बाई!"

तेवढ्यात घंगाळ म्हणालं, "मला चुलीवर चढवा. आंब्यांना मी न्हाऊ घालीन."

"हे मेलं माझी पोरं शिजवायला निघालं!" झाड कडाडलं.

"चिमाला लहानपणी शिजवलं का मी? बोट बुडवून चटकन मागे घ्यावं, एवढंच कढत पाणी करा. सालीवरची बुरशी तेवढ्यानं मरते."

येसाईनं देठासकट आंबे थोडा वेळ न्हाऊ घातले, सावलीत कोरडे केले आणि पेंढ्यात निजवले. तोवर झाडानं पान हलवलं नाही.

चौथ्या दिवशी चिमानं टोपली उघडली, तर सगळे आंबे पिवळेधमक! माहेराच्या दिशेला हात जोडून मगच तिनं पहिला आंबा खाल्ला.

थंडीत चिमा माहेरी बाळंत झाली. येसाईनं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासलं, तेव्हा झाडानं आपण होऊन कोवळा पाला त्यात टाकला.

"घे बाबा, आता नातीला न्हाऊ घाल," ते म्हणालं.

त्या ऊन पाण्यात तान्ही खुदकन हसली, आणि येसाईचं घर भरलं.