माती भिजेना, लोळूला नीज येईना

एक होती गच्ची. गच्चीवर एक निळा ड्रम. ड्रममध्ये माती, मातीत नेक्टरिनचं झाड. नेक्टरिन म्हणजे लालचुटुक, गुळगुळीत, आंबटगोड फळ. आणि त्या झाडाच्या मुळाशी राहायचं एक इवलंसं गांडूळ. त्याचं नाव लोळू.

नाव लोळू, पण लोळायला वेळ कुठला? वर्षभर ते माती उकरायचं. सुळुक सुळुक खाली. सुळुक सुळुक वर. मुळांना वाट करून द्यायचं. काम करून करून लोळू दमलं. फार फार दमलं. म्हणालं, "पुरे झालं बाई. आता झोप काढायची."

झोपायला गेलं, तर काय? त्याची मऊ ओली गादी गायब. माती कोरडी ठणठणीत. अंगाला टोचते, डोळा लागत नाही. आणि गांडूळ कोरड्यात राहिलं तर सुकूनच जातं. लोळू घाबरलं.

लोळू म्हणालं, "माती माती, भीज ना. मला नीज येईना."

माती म्हणाली, "भिजू कशी? पाण्याचा थेंब नाही. माझं पार ढेकूळ झालंय. झारी वाकली की भिजेन."

लोळू ड्रमवरून उतरलं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. झारीकडे गेलं.

"झारी झारी, वाक ना.
माती भिजेना,
मला नीज येईना."

झारी म्हणाली, "वाकू कशी? आडवी पडून पडून माझी पाठ धरलीय. मला उचलणार कोण? आत्या उठली की वाकेन."

लोळू निघालं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक. जिन्यापाशी स्टुलावर शकूआत्या बसली होती. झाड तिचंच. तिनेच लावलेलं.

"आत्या आत्या, ऊठ ना.
झारी वाकेना,
माती भिजेना,
मला नीज येईना."

शकूआत्या म्हणाली, "उठू कशाला रे? जिना चढून चढून गुडघे भरून आलेत माझे. त्या झाडाचं किती केलं मी. शेणखत घातलं, पाणी घातलं. आणि थंडी पडली तशी सगळी पानं गळाली. एकसुद्धा राहिलं नाही. वाळलं ते. वाळल्या काठीला कुणी पाणी घालतं का? उद्या उपटते आणि पुदिना लावते. झाड फुललं तर उठेन, नाहीतर नाही."

उद्या उपटणार? मग झाड कुठे जाणार? लोळू कुठे जाणार? ते परत फिरलं. सुळुक सुळुक, सुळुक सुळुक.

"झाडा झाडा, फूल ना.
आत्या उठेना,
झारी वाकेना,
माती भिजेना,
मला नीज येईना."

झाडानं जांभई दिली. आऽऽ. "वाळलंय कोण? मी तर झोपलोय. थंडीत आम्ही पानं गाळतो आणि झोपतो. आत्याला ठाऊकच नाही. तिचा कढीलिंब बारा महिने हिरवा, तिला वाटतं सगळी झाडं तशीच. पण फुलू कसं? अंग गारठलंय. ऊन पोचलं की फुलेन."

लोळू निघालं. सुळुक... सुळुक. आता अंग कोरडं पडायला लागलं होतं. कठड्यावर ऊन बसलं होतं. लोळू सावलीतच थांबलं आणि लांबूनच बोललं.

"उन्हा उन्हा, पोच ना.
झाड फुलेना,
आत्या उठेना,
झारी वाकेना,
माती भिजेना,
मला नीज येईना."

ऊन म्हणालं, "पोचू कसं? केवढ्या लांबून आलोय, आणि इथे आलो तर मध्ये ही गोधडी. आता वळसा घालायचं त्राण नाही. गोधडी हलली की पोचेन."

दोरीवर गोधडी टांगलेली होती. जाडजूड, ठिगळाठिगळांची.

"गोधडी गोधडी, हल ना.
ऊन पोचेना,
झाड फुलेना,
आत्या उठेना,
झारी वाकेना,
माती भिजेना,
मला नीज येईना."

गोधडी म्हणाली, "हलू कशी? लटकून लटकून खांदे दुखतात. वारा सुटला की हलेन."

बघा, सगळेच दमलेले. ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आणि गांडुळाला तर बोटंच नाहीत, ते दाखवणार तरी काय? ते आपलं गेलं. सुळुक... सुळुक... सुळुक.

पाण्याच्या टाकीमागे वारा पेंगत होता.

"वाऱ्या वाऱ्या, सूट ना.
गोधडी हलेना,
ऊन पोचेना,
झाड फुलेना,
आत्या उठेना,
झारी वाकेना,
माती भिजेना,
मला नीज येईना."

वारा डोळे न उघडताच म्हणाला, "सुटू कसा? गावभर हिंडून आलोय. आत्ता कुठे पडलो. कुणीतरी जरा ढकललं तर सुटेन."

ढकलणार कशानं? लोळूला हात नाहीत. लोळूला पाय नाहीत. पुढे जायला दुसरं कुणी उरलं नाही. लोळूला रडू आलं, पण रडण्याइतकं पाणीही अंगात नव्हतं. त्यानं मान टाकली आणि एक श्वास सोडला.

हुश्श.

एवढासा श्वास. पण तो वाऱ्याला लागला. वाऱ्याला गुदगुल्या झाल्या, आणि वारा जागचा हलला. एकदा हलला की वारा थांबतोय कुठला?

वारा सुटला, सूंऽऽ सूंऽऽ.
गोधडी हलली, फडफड फडफड.
ऊन पोचलं.
झाड फुललं. एक कळी उघडली, टप्प. गुलाबी गुलाबी फूल.

शकूआत्यानं ते पाहिलं. गुडघ्यावर हात ठेवून आत्या उठली. फुलाजवळ गेली. म्हणाली, "वाळलं नव्हतंस होय? झोपलं होतंस. आणि मी मेली तुला उपटायला निघाले होते." आत्याला वाईट वाटलं. खूप बरंही वाटलं. तिनं झारी भरून उचलली.

झारी वाकली, झुळुझुळु झुळुझुळु.
माती भिजली.

पण लोळू कुठे होतं? ते टाकीमागेच पडलं होतं. परत यायचं बळ त्याच्यात नव्हतं. आत्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. मग टाकीमागे लोळू दिसलं, तशी खाली वाकली आणि दोन बोटांनी त्याला अलगद उचललं. "चल रे बाळा, तुझ्या घरी चल."

आत्यानं लोळूला ओल्या मातीवर ठेवलं. माती मऊ मऊ, गार गार. सुळुक. लोळू आत गेलं.

वारा म्हणाला, "लोळू, बघ मी सुटलो." गोधडी म्हणाली, "बघ मी हलले." ऊन, झाड, झारी, सगळे एकदम बोलायला लागले.

आत्या म्हणाली, "शूऽऽ."

सांगणाऱ्याचा घसा सुकला, ऐकणाऱ्याचे डोळे मिटले. झाड जागं झालं आणि लोळू झोपलं.