पाय मालकाचा, तहान जीपची

शप्पथ, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा माझा जन्म व्हायचा होता, पण ते असो.

त्या काळी गाड्या बोलत. जुनी डिझेल जीप फार पिते, म्हणून तुळशीराम तिला भंगारात द्यायला निघाला. समोर स्पीडब्रेकर दिसत असूनही त्याने ॲक्सिलरेटर दाबला आणि जवळ येताच करकचून ब्रेक मारला.

जीप म्हणाली, "वा मालक! डिझेल पाजून पळवायचं आणि ब्रेक मारून ते मातीत घालवायचं! पाय जरा आधी उचलला तर झिजेल का? पाय तुमचा आणि बेवडी मी?"

तुळशीराम वरमला. पाय हलका ठेवून चालवू लागला. डिझेलचा काटा जागचा हलेना, तेव्हा जीप घेऊन घरी परतला.

यातलं जीपचं बोलणं अक्षरशः खरं. तुळशीरामने ते ऐकलं, एवढंच मी पदरचं घातलं.