जेवणाच्या सुट्टीतली खुर्ची

“अर्ध्या तासात बसेल असं काहीतरी सांगा, भंते,” असं भैसारेसाहेब म्हणाले, की “वीस मिनिटांत” म्हणाले, हे मला आता खात्रीनं सांगता येत नाही. जन्मभर पाली ग्रंथांतले पाठभेद तपासले, शब्दाशब्दाला तळटीप दिली. या संवादाचा साक्षीदार मात्र मी एकटाच, आणि माझ्या आठवणीवर माझाच फारसा भरवसा नाही.

तरी लिहितो.

विहार पाटबंधारे कचेरीच्या मागे होता. पत्र्याची ओसरी, दोन चटया, पाण्याचा माठ. भंते धम्मसार तिथे राहत. मी जवळच्या कॉलेजात पाली शिकवायचो आणि दुपारी माझ्या शंका घेऊन त्यांच्याकडे जाऊन बसायचो.

भैसारेसाहेब त्या कचेरीचे कार्यकारी अभियंता. त्या खुर्चीवर बसलेला आमच्या समाजातला पहिला माणूस. त्यांची गाडी रस्त्यानं गेली की आम्ही बोलणं थांबवून बघत राहायचो.

त्या दुपारी ते विहारात आले ते उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून.

“काय झालं जी?” भंतेंनी विचारलं.

“सही नीट होत नाही. रात्री झोप नाही. डॉक्टर म्हणतात, लांब रजेवर जा. रजेवर गेलो की दुसरा येऊन बसेल. मग ही खुर्ची आपल्याला परत कधी मिळायची?... मला ध्यान शिकवा. जेवणाच्या सुट्टीत करीन आणि ताजा होऊन कामाला लागेन.”

“मग जेवता कधी?”

“जेवत नाही. डबा तसाच घरी जातो. सुट्टीतही मी खुर्ची सोडत नाही, भंते.” हे सांगताना त्यांची मान ताठ झाली. “आजच पहिल्यांदा सोडून आलोय. एक दिवस जरी ती रिकामी दिसली, तरी लगेच म्हणतील, यांना आयतं मिळालंय, काम करायला नको.”

“कोण म्हणतील?”

“सगळे. कारकून, ठेकेदार, वरचे साहेब.”

“ते सुट्टीत कुठं असतात?”

“जेवायला,” साहेब म्हणाले.

मला हसू आलं. मी हातातल्या पुस्तकात तोंड घातलं. भंते हसले नसावेत.

“डबा आणा,” ते म्हणाले.

साहेब गाडीपर्यंत गेले आणि डबा घेऊन आले. भात, वरण, वांग्याची भाजी. त्यांनी झाकण पुढे केलं.

“थोडं घ्या ना भंते.”

“बारा वाजून गेले. भिक्खूला आता उद्या सकाळीच.”

“म्हणजे तुम्हीही माझ्यासारखेच. दुपारभर उपाशी.”

“मी जेवून मग सोडलं. तुम्ही न जेवताच सोडता. तुमचा वैराग्याचा अभ्यास माझ्यापेक्षा पुढचा आहे.”

साहेब कसनुसं हसले. चार घास खाल्ले. मग घड्याळ पाहिलं. अर्धा डबा तसाच होता. झाकण लावलं, उठले, चपला पायात घातल्या.

“येतो, भंते. ध्यानाचं उद्या बघू.”

भंते बसूनच होते.

“तुमचे वडील काय करायचे?”

“मालगुजाराच्या शेतावर गडी होते.”

“ते जेवायला बसले, आणि वाड्यावरून हाक आली, तर?”

“उठायचे,” साहेब म्हणाले. “हातातला घास परत ताटात ठेवून. माय ताट झाकून ठेवायची.”

“जेवून येतो, असं म्हणायचे नाहीत?”

“तसं म्हणायची सोय होती का, भंते?” साहेबांचा आवाज चढला. “तसं उठून उठूनच त्यांनी मला इंजिनिअर केलं.”

भंतेंनी हात जोडले. भिक्खू गृहस्थाला हात जोडत नाही, हे मी विद्यार्थ्यांना कितीदा तरी शिकवलेलं आहे. म्हणून इथं माझी आठवण मला सगळ्यात जास्त छळते. पण जोडले. साहेबांना नव्हे, एवढं मला दिसलं. नजर त्यांच्या पलीकडे, ओसरीच्या बाहेर कुठंतरी होती.

मग त्यांनी मान वर करून उभ्या साहेबांकडे पाहिलं.

“आता तुम्ही उठलात. हाक कुणी मारली?”

साहेबांनी चपला काढल्या. परत चटईवर बसले. झाकण उघडलं, आणि डबा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी माझी शंका न विचारताच उठलो.

भैसारेसाहेब रजेवर गेले नाहीत. पुढे अधीक्षक अभियंता होऊन निवृत्त झाले. त्यांची खुर्ची मात्र दुपारी रोज रिकामी दिसू लागली, आणि ते बाजूच्या खोलीत दार उघडं टाकून जेवतात, अशी गावात बातमी पसरली. ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली. दरवेळी अभिमानानं सांगितली, आणि दरवेळी घरी आल्यावर शंका यायची, की आपणच तर ती रचत नाही ना.

भंते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी एका लग्नात मला साहेबांचे जुने स्वीय सहायक भेटले. कविश्वर त्यांचं नाव. मी आडून आडून विचारलं. ते म्हणाले, एकदा दुपारी थेट मंत्र्यांचा फोन आला. कविश्वर धावत बाजूच्या खोलीत गेले. साहेबांनी घास गिळला आणि काय सांगायचं ते सांगितलं. कविश्वरांना ते फोनवर बोलवेना. त्यांनी परत जाऊन विचारलं. तेच उत्तर आलं.

“मग?” मी म्हणालो.

“मग सांगितलं. काय करणार? मंत्र्यांनी अर्ध्या तासानं पुन्हा फोन केला.”

“शब्द नेमके काय होते?”

“आता एवढं काय त्यात, सर...”

मी सोडलं नाही. त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलं. दोन्ही वेळा तेच आले.

“सांगा, साहेब जेवतायत.”