दुसऱ्या भोकाचा मान

“महाराजांच्या कम्प्युटरला लागून माझाच कम्प्युटर!” टेकाडपूरच्या दरबारात बाराही सरदार एकदम ओरडले.

झालं होतं असं, की राजवाड्यातले सगळे कम्प्युटर मानाप्रमाणे एकामागे एक वायरीनं जोडलेले. सेनापतींनी मिशी कातरायच्या मशीनसाठी प्लग उपटला, की त्यांच्या मागचे सगळे ठप्प!

गजसिंह महाराज हट्टाला पेटले. तारवाल्या सोपानला म्हणाले, “बाराही जण मला लागूनच हवेत. कुणी कुणाच्या मागे नको. एकाचं बंद पडलं तरी बाकीच्यांचं चालू हवं. उद्या दुपारपर्यंत जमलं नाही, तर तुला वायरीत गुंडाळून बुरुजावरून लटकवीन!”

सोपान रडतच घरी आला. त्याची बायको धुरपा राजवाड्यात पंगती वाढायची. ती म्हणाली, “अहो, रडता काय! पंगतीत मी भाजी या पानातून त्या पानात सरकवते का? मधे उभी राहते आणि ज्याच्या-त्याच्या पानात वाढते. तुमच्या वायरींना मधे वाढपी नाही, एवढंच!”

“अगं, मिळतो की तसा डबा! स्विच म्हणतात त्याला!” सोपान उडालाच.

दुसऱ्या दिवशी दरबाराच्या मधोमध सोळा भोकांचा डबा बसला. प्रत्येकाची वायर थेट डब्यात. कोण कुठल्या भोकात, ते डबा लक्षात ठेवी आणि ज्याचा निरोप त्यालाच पोचवी. सेनापतींनी प्लग उपटून पाहिला. बाकी कुणाचं काही अडलं नाही.

महाराज खूश! पण सरदार कसले गप्प बसतात? भोकांवर आकडे होते ना!

“पहिलं भोक महाराजांचं, पण दुसरं माझं!” बारा तलवारी उपसल्या गेल्या.

“सोपान, हे मिटव, नाहीतर चल बुरुजावर!” महाराज गरजले.

दाराआडून बघत असलेली धुरपा पदर खोचून पुढे आली.

“मिटलंच म्हणा, महाराज! हा डबा तापतो. दुसऱ्या भोकाच्या मानकऱ्यानं जवळ बसून रात्रंदिवस उपरण्यानं वारा घालायचा.”

तलवारी झटकन म्यानात!

“प्रधानजी, तुम्ही वडीलधारे, तुम्हीच घ्या!” सेनापती म्हणाले.

“छे छे! आधी सेनापती!”

शेवटच्या भोकासाठी रेटारेटी सुरू झाली. महाराज पोट धरून हसले. “मग दुसऱ्या भोकात घालायचं तरी कोणाला?”

“स्वयंपाकघराला, महाराज!” धुरपा म्हणाली. “एक कम्प्युटर द्या, आणि डब्यासाठी एक टेबलफॅन. तेवढ्यानं भागतं.”

“टेबलफॅननं भागतं?” बारा सरदार किंचाळले.

“मग? तुम्ही विचारलंत कुठं!”

महाराजांच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि धुरपाच्या हातात घातलं.