वाढलं

त्या रानातलं वारं आजारी पडलं होतं. ते ज्याला लागायचं त्याचा श्वास छातीतच अडकायचा, आणि औषध कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा रानाच्या मधोमध उभ्या असलेल्या थोरल्या वडावरून हुकूम निघाला, की वारं बरं होईपर्यंत ज्याने त्याने आपापल्या ढोलीत बसावं. हुकूम सायंकाळी निघाला आणि अंधार पडायच्या आत लागूही झाला. कोतवाल पक्षी तोवर नुसते नावाचेच कोतवाल होते, त्यांना आता काम मिळालं. ढोलीबाहेर नाक दिसलं की ते टोच मारत.

एका जुन्या पांगाऱ्याच्या ढोलीत झिपरी नावाची खार राहायची. नवरा, दोन पिल्लं आणि म्हातारी सासू, एवढा तिचा संसार. नवरा नदीपलीकडे वानरांच्या चिंचवनात हमाली करायचा आणि सायंकाळी मजुरीचे चिंचोके गालात भरून आणायचा. हुकूम निघाला त्या दिवशी तो रिकाम्या गालांनी परतला. वानरांनी सांगितलं होतं, "वारं बरं झालं की या. तुमची जागा कुठे जात नाही." जागा कुठे जात नव्हती हे खरं, पण चिंचोकेही कुठून येत नव्हते.

झिपरी संसाराला पक्की होती. ढोलीत तिने ढीग लावलेले असत: रोजचा, सणाचा, पाहुण्यांचा, आणि अगदी आतल्या कोपऱ्यात अडीनडीचा. एकातलं उचलून दुसऱ्यात घालायचं नाही, हा तिचा नियम. तो नियम आधी सणाच्या ढिगाशी मोडला. मग वडावरून निरोप आला, की संकट मोठं आहे, प्रत्येकाने आपला खारीचा वाटा उचलावा. आता वाटाच खारीचा म्हटल्यावर खारीने मागे राहायचं कसं? तिने पाहुण्यांच्या ढिगातले बरेचसे चिंचोके निमूट काढून दिले. उरले ते रोजच्यात मिसळले. शेवटी अडीनडीच्या ढिगाला हात लावायची वेळ आली, तेव्हा मात्र तिला रडू आलं. नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्याने ते ऐकलं, पण वळून बघायचं धाडस त्याला झालं नाही.

या रानात एक जुना रिवाज होता. आपल्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. नारळ फोडत नाहीत, वाढवतात. तसंच तिथल्या ढोल्यांमधून "संपलं" हा शब्द कुणी काढत नसे. दाणे सरले की बायका म्हणायच्या, "वाढलं." भरल्या घरात संपलं म्हटलं तर लक्ष्मी ऐकते आणि उंबऱ्यावरूनच मागे फिरते, असं सासवा सुनांना सांगत आल्या होत्या. थोरल्या वडावर मात्र हा रिवाज कुणाला माहीत नव्हता. तिथे कधी काही सरतच नसे, मग त्यासाठी शब्द कशाला लागतो?

ढोल्यांची विचारपूस करायला वडाने दयाळ पक्ष्याला नेमलं. दयाळ वडावरच जन्मलेला, स्वभावाने नावासारखाच. तो पांगाऱ्याखाली आला आणि गोड शीळ घालून म्हणाला, "ताई, ढोलीत कसं काय आहे? खरं ते सांगा, संकोच नको."

"काय सांगू दादा," झिपरी खाली मान घालून म्हणाली, "वाढलं."

दयाळाचे डोळे आनंदाने चमकले. शेजारच्या ढोलीत त्याने तेच ऐकलं, पलीकडच्या ढोलीतही तेच. तो भरारी मारून वडावर गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घरोघरी वाढलं आहे!" वडाला फार बरं वाटलं. ढोल्यांना वाटायला बाहेर काढलेली धान्याची पोती पुन्हा आत ठेवली गेली. एवढ्या सुबत्तेत आणखी एकदा खारीचा वाटा मागायला हरकत नाही, असंही ठरलं.

पांगाऱ्यावर हे ऐकू आलं तेव्हा झिपरीने कपाळावर हात मारून घेतला. ती सासूकडे वळली. "आत्याबाई, आता तो आला की मी स्पष्ट सांगणार. एक शब्द, बास. त्या शब्दाने पोरांच्या तोंडात घास पडेल."

"पोरी, आणि लक्ष्मी गेली तर पुढं काय खाशील?" म्हातारी म्हणाली. "मी जिवंत आहे तोवर या ढोलीत तो शब्द निघायचा नाही. तू वाढलं म्हण. म्हणत राहिलं की वाढतं."

झिपरी चडफडली, पण सासूपुढे बोलली नाही.

आणि नवल असं, की दुसऱ्या सकाळी अडीनडीचा उरलासुरला ढीग खरंच थोडा वाढलेला होता. फार नव्हे, पण तिने डोळ्यात साठवून ठेवला होता त्यापेक्षा जास्त. तिसऱ्या सकाळीही तसंच. काही चिंचोके तर इतरांपेक्षा तुकतुकीत दिसत होते, तेल लावून पुसल्यासारखे. झिपरीने हात जोडले. लक्ष्मीचा हात फिरला की वस्तूवर तेज येतं, असं तिला लहानपणी सांगितलेलं आठवलं. तिने पिल्लांना त्या दिवशी थोडं जास्त वाढलं. दयाळ पुन्हा आला, तेव्हा ती चक्क हसून म्हणाली, "वाढलं हो, दादा."

म्हातारी आपला वाटा घेऊन नेहमी आतल्या कोपऱ्यात जायची. "मला दात नाहीत, चघळत बसते. तुम्ही कशाला माझ्यासाठी खोळंबता?" कधी म्हणायची, आज माझा उपास आहे. तिचे उपास अलीकडे फार झाले होते, पण म्हाताऱ्या माणसांचे उपास कोण मोजतं? तिची शेपटी दोरीसारखी झाली होती. वय झालं, असं सगळे समजले.

एके दिवशी म्हातारी उठली नाही. नवरा तिच्या पायाशी बसून आईला हाका मारत राहिला. झिपरीला एकदम काही सुचेना, म्हणून ती सवयीने ढिगाकडे गेली. आज ढीग वाढला नव्हता. तिने पुन्हा पाहिलं. मग ती सासूच्या कोपऱ्यात गेली आणि तिने म्हातारीचा गाल हलकेच दाबला. आतून एक चिंचोका बाहेर आला, ओला, चोखून चोखून तुकतुकीत झालेला, कुठेही न फुटलेला.

झिपरी तशीच खाली बसली. किती सकाळी आपण हात जोडले, आणि कुणाला, हे तिच्या ध्यानात आलं. हे पाप कुठे फेडू, असं तिला झालं.

खालून शीळ ऐकू आली. दयाळ आला होता. "ताई, ढोलीत कसं काय आहे?"

झिपरी ढोलीच्या तोंडाशी आली. आता तिला अडवणारं आत कुणी नव्हतं.

"संपलं," ती ओरडली. "ऐकलंस का? संपलं!"

मग शेजारच्या ढोलीतून एक बाई हुंदका देऊन म्हणाली, "आमच्यातही संपलं." मग पलीकडून, मग त्याच्याही पलीकडून. इतक्या दिवसांचा गिळलेला शब्द झाडाझाडांतून बाहेर पडू लागला. दयाळाने सगळीकडे कान दिला. त्याचा ऊर भरून आला. तो वडाकडे असा उडाला, की वाटेत एकदाही टेकला नाही.

"संपलं!" तो वडावर पोचताच म्हणाला. "घरोघरी सगळे एकच म्हणताहेत, संपलं!"

वडावर जल्लोष झाला. संकट संपल्याची दवंडी निघाली. कोतवालांना माघारी बोलावलं गेलं. ज्याला त्याला आपापल्या फांदीवर येऊन आनंदाने शेपटी आपटण्याचा हुकूम झाला, आणि आजारी वारं अजून वाहत असताना रान शेपट्यांच्या आवाजाने दणाणून गेलं.

पांगाऱ्यावर धाकट्या पिल्लाने तो आवाज ऐकला. त्याची इवलीशी शेपटी आपोआप वर उचलली गेली, आणि ते आईकडे बघून म्हणालं, "आई, काय संपलं गं?"

झिपरीने हातातला ओला चिंचोका फोडून दोन्ही पिल्लांच्या तोंडात अर्धा अर्धा घातला, आणि आपली शेपटी आत्याबाईंच्या अंगावर पांघरली.