नगराध्यक्षांनी सांगितलेली ओळ

साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार हेमू भोईटे दोन दिवस एका ओळीसाठी अडून बसला होता. चित्र तयार होतं: हार घातलेला नवाकोरा नळ, शेजारी हात जोडलेले नगराध्यक्ष निंबोरकर आणि मागे रिकाम्या हंड्यांची रांग, पार टेकडीपर्यंत. चित्र टवाळी करत असेल तर खालच्या ओळीनं गंभीर राहावं, हे हेमूला ठाऊक होतं. पण त्यानं लिहिलेल्या सातही ओळी दात काढत होत्या.

कुणीतरी चहाडी केली आणि खुद्द नगराध्यक्ष कचेरीत अवतरले. साप्ताहिक नगरपालिकेच्या जाहिरातींवर चालायचं, त्यामुळे संपादकही उभे राहिले. चित्रात आपलं पोट आत गेलेलं पाहून साहेब प्रसन्न झाले. हंड्यांपर्यंत त्यांची नजर पोचलीच नाही.

“चित्र झकास! पण या सात ओळींतली एक जरी छापलीस, तर उद्यापासून घरी बसशील.”

हेमू चाचरत म्हणाला, “मग साहेब, तुम्हीच सांगा ना. खाली तुमचं नाव घालतो.”

साहेबांनी घसा खाकरला. “लिही. माझ्या कारकिर्दीत एकही घर तहानलेलं राहिलं नाही.”

हेमूनं ती जशीच्या तशी छापली. गाव पोट धरून हसलं.

दुसऱ्या दिवशी साहेब लालबुंद होऊन आले. “पुढच्या अंकात माफी छाप, नाहीतर चालता हो!”

“छापतो की,” हेमू मान खाली घालून म्हणाला. “चित्र तुम्हाला पसंत होतं, म्हणजे माफी ओळीबद्दलच मागायची. ओळ तुमची आहे साहेब, तेव्हा माफीखाली सही तेवढी करून द्या.”

साहेब सही न करताच गेले. हेमू नोकरीत राहिला.