साळूचा स्फटिक आणि कावळ्याची चिंच

दगड अजून बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. एका काळ्या कड्याखालच्या बिळात साळू राहायची. अंगावर काटे, पण मन हौशी. देखण्या दगडांचा तिला भारी नाद होता. हिरवे, गुलाबी, कापसासारखे पांढरे खडे तिने बिळात नीट मांडून ठेवले होते.

एकदा तिला कड्याच्या पोकळीत कॅल्साइटचा मोठा स्फटिक सापडला, पण चिखलाने पार माखलेला. संध्याकाळी मैत्रिणी बघायला येणार, म्हणून तिची त्रेधा उडाली.

"साळूताई, चिंच लाव की," फांदीवरून कावळा म्हणाला. "गावातल्या बायका तांब्याची घागर चिंचेनेच घासतात. कशी लखलखते!"

साळूने एका कोपऱ्याला चिंच चोळली मात्र, बारीक फेस आला आणि स्फटिक कळवळला, "अगं, मी काय घागर आहे? आंबटाने मी झिजतो! नुसतं पाणी दे आणि धीर धर."

साळूने जीभ चावली. स्फटिक तिने झऱ्यात भिजत घातला आणि स्वतःच्या गळलेल्या काट्याने चिखल हलकेच कोरत बसली. मैत्रिणी आल्या आणि नाकं मुरडून गेल्या. साळू कोरतच राहिली.

पुढे कावळा आला, तेव्हा स्फटिक पाण्यासारखा नितळ झाला होता. त्यातून एक चिंचोका पाहिला, तर चक्क दोन दिसत होते, कॅल्साइटची करामतच ती! चिंच लागलेला कोपरा तेवढा आंधळा राहिला होता.

"तो भिंतीकडे फिरव ना," कावळा ओशाळून म्हणाला.

"राहू दे समोरच," साळू हसली. "बाकी सगळीकडून आरपार दिसतं. तिथून तेवढी माझी घाई दिसते."